माझे हरवलेले पाच सेंटीमीटर

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी नावड्याच्या वसाहतीतील आमच्या घरात पहिला दिवा लागतो, तो स्वयंपाकघरातला. स्मिता चहाचे आधण ठेवते, खिडकी किंचित उघडून वास घेते आणि तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा येत असेल तर ती पुन्हा लावून टाकते. सहा वाजून पस्तीस मिनिटांनी नंदकिशोर डबा घेऊन जिना उतरतो, कारण कंपनीची बस कोपऱ्यावर कुणासाठी थांबत नाही. मग आशुतोष उठतो आणि न्हाणीघराचे दार लावून घेतो. वैदेही त्या दारावर थापा मारत राहते. साडेआठला घर रिकामे होते. स्मिता कपबशा विसळते, पदराला हात पुसते, शिवणयंत्रावरचे फडके काढते आणि खिळ्यावर लटकणाऱ्या मला उचलून गळ्यात घालते. तेव्हा माझा दिवस सुरू होतो.

मित्रांनो, मी शिवणकामाची एक जुनी टेप आहे. माझा मूळ रंग पिवळा होता. आता तो हळद लागलेल्या फडक्यासारखा झाला आहे. माझ्या एका बाजूला इंच आहेत, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. एका मोठ्या कारखान्यात माझ्यासारख्या हजारो टेपांवर एकाच वेळी आकडे छापले गेले आणि आम्हा सर्वांच्या दोन्ही टोकांना पितळेच्या पट्ट्या बसवल्या गेल्या. सुरुवातीच्या पट्टीचा मला फार अभिमान होता. तिथूनच माझे शून्य सुरू होत असे, आणि शून्य पक्के असले तरच पुढचे सारे आकडे खरे ठरतात.

पनवेलच्या शिवणवर्गाबाहेरच्या दुकानातून स्मिताने मला विकत घेतले, त्याला आता चौदा वर्षे होतील. तिचे नुकतेच लग्न झाले होते. प्रारंभी तिचा हात अडखळत असे. पुढे तो बसला. वसाहतीतल्या बायका म्हणू लागल्या, "स्मिताचं माप म्हणजे माप. ब्लाउज पुन्हा उसवायला लागत नाही." खारघरहूनही गिऱ्हाइके येऊ लागली. ही स्तुती मी स्मिताच्या गळ्यात राहून ऐकत असे आणि तिच्यातला अर्धा वाटा माझा आहे असे मनोमन धरून चालत असे.

चार वर्षांपूर्वी, दिवाळीच्या कामाच्या घाईत, कापडाच्या घडीखाली माझे टोक दडले होते. कात्री फिरली. कापडाबरोबर माझे पहिले दोन इंच, म्हणजे दुसऱ्या बाजूचे पाच सेंटीमीटर, पितळी पट्टीसकट जमिनीवर पडले. स्मिता "अगं बाई" म्हणाली. नवी टेप आणायला वेळ नव्हता. तिने एक सोपी युक्ती काढली: कापलेल्या टोकापासूनच मोजायचे आणि वहीत उतरवताना दोन इंच वजा करायचे. चार दिवसांत तिला ती सवय झाली. पुढे नवी टेप आणण्याचे राहूनच गेले, कारण जुनीवर तिचा हात बसला होता.

ही गोष्ट तिला ठाऊक होती आणि मला. घरात तिसऱ्या कुणाला ती सांगावी असे कधी वाटलेच नाही. टेपला हात लावणारी ती एकटीच होती.

मे महिन्यात नंदकिशोरला सलग दोन दिवसांची सुट्टी मिळाली. रविवारी केलेल्या एका कामाच्या बदल्यात मिळालेली सुट्टी साप्ताहिक सुट्टीला जोडून आली होती. असे वर्षात एखादेवेळीच घडते. घाटाच्या अलीकडे मोठ्या पाळण्यांचे आणि रुळांवरून उलटसुलट धावणाऱ्या गाड्यांचे एक पार्क आहे, तिथे मुलांना न्यायचे असे सर्वांनी पूर्वीच ठरवले होते. प्रश्न एवढाच होता की एक दिवस जायचे की दोन. दोन दिवसांच्या पासात तिथल्याच हॉटेलातला एक मुक्काम होता.

"एका दिवसात काहीच होत नाही, बाबा," आशुतोष म्हणाला. तो बारा वर्षांचा आहे आणि असल्या बाबतींत त्याचा अभ्यास पक्का असतो. "माझ्या वर्गातला एक जण गेला होता. अर्धा दिवस नुसत्या रांगेत."

"ते तुझं झालं. हिचं काय?" नंदकिशोरने वैदेहीकडे पाहिले. ती साडेसात वर्षांची आहे. "मोठ्या राइडला एकशेवीस सेंटीमीटर उंची लागते असं लिहिलंय. ही बसली नाही, तर दोन दिवस तिनं करायचं काय? लहान मुलांचा भाग अर्ध्या दिवसात संपतो."

"लिंबूटिंबूला घरीच ठेवू," आशुतोष म्हणाला.

"तूच लिंबूटिंबू! मी गरुडझेपमध्ये बसणार आहे. सगळ्यात पुढे!"

"दारातूनच परत पाठवतील बघ तुला."

"भांडू नका," नंदकिशोर म्हणाला. "मोजूनच बघू. एकशेवीसच्या वर भरली तर दोन दिवस. खाली भरली तर एक. मग कुणी कटकट करायची नाही."

त्याने मला खिळ्यावरून काढले. मित्रांनो, मला हे सांगायला हवे की त्या क्षणी मला अतिशय आनंद झाला. इतकी वर्षे मी छाती, कंबर आणि बाह्या मोजल्या. घराचा एखादा निर्णय माझ्यावर सोपवला जाण्याची ती पहिलीच वेळ होती. वैदेही दाराच्या चौकटीला टेकून ताठ उभी राहिली. नंदकिशोरने माझे कापलेले टोक जमिनीला टेकवले आणि मला वर ताणले.

"एकशेबावीस!"

वैदेहीने अशी उडी मारली की खालच्या मजल्यावरून कुणीतरी छताला काठी ठोकली.

स्मिता दोन हातांवर यंत्रापाशी बसली होती. तिने मान वर केली होती. माझे टोक जमिनीला टेकलेले तिने पाहिले. एकशेबावीसमधून पाच वजा करणे तिला काही अवघड नव्हते; तो तिचा रोजचाच हिशेब. तिच्या ओठांत त्या वेळी टाचण्या धरलेल्या होत्या. नंतर तिने स्वतःला हेच सांगितले असावे, की तोंडात टाचण्या होत्या. परंतु टाचण्या काढून ठेवायला कितीसा वेळ लागतो?

ती का बोलली नाही, ते मला माहीत आहे. आदल्याच आठवड्यात शेजारच्या सुमित्राबाईंच्या ब्लाउजचे माप घेताना ती म्हणाली होती, "चौदा वर्षांत मी घराबाहेर झोपले ती माहेरी, नाहीतर सासरी, नाहीतर कुणाच्या लग्नाच्या हॉलवर. तिथंही सकाळचा चहा करायला मीच उठायचं. मला एक सकाळ अशी पाहिजे हो, की चहा कुणीतरी आणून द्यावा आणि कप मी विसळायचा नाही."

"मग सांग की नवऱ्याला," सुमित्राबाई म्हणाल्या होत्या.

"असं सांगतात होय?" असे म्हणून स्मिता हसली होती.

ती इच्छा मोठी नव्हती, आणि वाईट तर मुळीच नव्हती. पण तिने ती उघड मागितली नाही. माझ्या चुकीच्या आकड्याआड लपवून मिळवली. आणि मी, जिचे सारे जीवन खरे सांगण्यासाठी होते, तिने तो आकडा पुरवला. दोन दिवसांचा पास त्याच संध्याकाळी काढला गेला. वैदेहीच्या उंचीवरून सारे ठरले, पण तिला स्वतःला कुणी काही विचारले नाही. तिला केवळ मोजले गेले.

निघण्याच्या दिवशी पहाटे वैदेहीने मला गुंडाळून आपल्या फ्रॉकच्या खिशात ठेवले. दादाचे बोलणे तिच्या मनात राहिले होते. दारात कुणी अडवलेच तर पुरावा हाताशी असावा, असा तिचा सरळ विचार होता.

गरुडझेपच्या रांगेत आम्ही पाऊण तास उभे होतो. रांगेच्या तोंडाशी एक पिवळा खांब होता आणि त्याला आडवा लाल दांडा. तिथे गणवेशातली एक तरुण मुलगी प्रत्येक लहान मुलाला उभे करून पाहत होती. तिच्या छातीवरच्या पट्टीवर शायमा असे नाव होते.

"ये बाळा. सँडल काढ. सरळ बघ."

वैदेही दांड्याखाली उभी राहिली. तिचे केस आणि दांडा यांच्यामध्ये दोन बोटे सहज मावतील एवढी जागा उरली.

"नाय होणार गं. तू तिकडं छोट्या ट्रेनमध्ये बस, हां? ती पण मस्त आहे."

"पण मी एकशेबावीस आहे."

"कोण बोललं तुला?"

"आमची टेप." आणि वैदेहीने मला खिशातून बाहेर काढले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातील सर्वांत लाजिरवाणा क्षण कोणता असे कुणी विचारले, तर तो हा. शायमाने मला उलगडले. तिने माझा सेंटीमीटरच्या बाजूचा पहिला आकडा पाहिला. तो सहा होता.

"अगं, ही तर पाचाच्या पुढूनच सुरू होते. हिचं तोंडच कापलंय."

ती हे दुष्टपणे म्हणाली नाही. पण मागच्या रांगेतला एक जाडजूड गृहस्थ मोठ्याने हसला. "घरून टेप कापून आणली! काय डोकं लावलंय पोरीनं!"

"पोरीनं कशाला, आईबापच शिकवत असतील," त्याच्या शेजारची बाई म्हणाली. आणखी चार जण हसले. कुणीतरी मोबाइल वर धरला.

नंदकिशोरचा चेहरा लाल झाला. तो सरळ माणूस आहे. कंपनीच्या भांडारात आयुष्यात त्याच्याकडून एक बोल्टसुद्धा कमी भरलेला नाही. त्याने वाकून विचारले, पण सर्वांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, "वैदेही, तू कापलीस ही?"

"नाही, बाबा."

"खरं सांग."

"मी नाही कापली!"

"खोटारडी," आशुतोष दुसरीकडे पाहत पुटपुटला. ही मुलगी आपली नव्हेच, असे त्याला त्या घटकेला दाखवायचे होते.

स्मिता तीन पावलांवर पिशव्या घेऊन उभी होती. या वेळी तिच्या ओठांत टाचण्या नव्हत्या. माझ्याकडे तिने एकदा पाहिले आणि नजर खाली वळवली. मी वाट पाहिली. वैदेहीनेही तिच्याकडे पाहिले. मग मागची माणसे पुढे ढकलू लागली, शायमाने मला गुंडाळून वैदेहीच्या हातात दिले, आणि तो क्षण निघून गेला.

त्या दिवशी नंदकिशोर आणि आशुतोष सात मोठ्या राइडवर बसून आले. वैदेहीने छोट्या ट्रेनकडे जायला नकार दिला. ती कठड्याला टेकून उभी राहिली. दोघांचे सँडल आणि टोप्या तिच्या पायांशी होत्या. स्मिताने तिला आइस्क्रीम आणून दिले. ते तिच्या हातातच वितळले आणि कोपरापर्यंत ओघळले. अधूनमधून ती मला खिशातून काढून माझे टोक पाही. आपण झोपेत तर कापली नसेल ना, अशी शंका तिला येत असावी. इतकी मोठी माणसे एकाच वेळी चुकतात, हे तिला कसे पटावे?

संध्याकाळी साडेसहाला आम्ही हॉटेलच्या खोलीत आलो. थोड्या वेळाने दारावर टकटक झाली आणि एक जण ट्रेमध्ये चहा ठेवून गेला. स्मिता ज्याची वाट पाहत होती तो चहा. तिने कप उचलला नाही. चहावर साय धरली.

"उद्याचं काय ते बोलू," नंदकिशोर म्हणाला. "आज हिचा पूर्ण दिवस फुकट गेला. उद्याही तेच होणार. मला वाटतं घरी जावं."

"पण बाबा, दोन दिवसांचा पास आहे! हिनं टेप कापली म्हणून माझा दिवस का?"

"मी नाही कापली," वैदेही म्हणाली. दिवसभरात हे वाक्य तिने इतक्या वेळा उच्चारले होते की आता त्यात रडणेही उरले नव्हते.

"मी कापली," स्मिता म्हणाली.

"चार वर्षांपूर्वी. दिवाळीच्या गडबडीत, कात्रीखाली आली. मी दोन इंच वजा करून लिहिते. तुम्ही मोजलंत तेव्हा मी बघत होते." मग प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाली, "मला ठाऊक होतं ती एकशेसतरा आहे. मला हा मुक्काम हवा होता."

"मुक्काम हवा होता, तर तसं सांगायचंस," नंदकिशोर म्हणाला. "मी नाही म्हणालो असतो का?"

"विचारलंही नसतंत."

तेही खरे होते. मग तो म्हणाला, "पण आज दुपारी तरी बोलायचंस."

"सगळे बघत होते हो."

"तिच्याकडेही बघत होते."

स्मिताने तोंडावर पदर घेतला. वैदेही पलंगावरून उतरली आणि तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा रागावलेला नव्हता. काहीतरी नीट समजून घेत असल्यासारखा होता.

"म्हणजे तुला तिथंच माहीत होतं?"

"हो."

"मी तुझ्याकडे बघितलं तेव्हापण?"

"हो, बाळा. तेव्हापण."

मित्रांनो, मी अनेक माणसांची मापे घेतली आहेत. पण त्या 'हो'ची लांबी मला मोजता आली नसती.

"मग त्या ताईला कोण सांगणार?" वैदेहीने विचारले.

आशुतोष इतका वेळ पायाच्या अंगठ्याने गालिचा उकरत होता. तो उठला, टेबलावरची आपली बिस्किटे त्याने वैदेहीसमोर सरकवली आणि म्हणाला, "उद्या नको जाऊया. तसंही सगळं बघून झालंय." ते खोटे होते, आणि सर्वांना ते कळले.

नंदकिशोरने वैदेहीला जवळ घेतले. "मीही तुला सगळ्यांसमोर विचारलं. चुकलं माझं. आता तूच सांग, वैदू. उद्या राहायचं की घरी जायचं? तू म्हणशील ते."

एक दिवस की दोन, हा प्रश्न तिला प्रथमच विचारला गेला होता. ती विचार करू लागली. मला हातात घेऊन तिने माझी गुंडाळी केली, सोडली आणि पुन्हा केली.

"राहायचं," ती म्हणाली. "दादा राहिलेल्या राइडमध्ये बसू दे. पण आधी आईनं त्या ताईला सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मिता सर्वांच्या आधी उठली. खोलीत चहा आला तेव्हा ती तयार होऊन बसली होती. पार्कचे दार उघडताच ती वैदेहीचा हात धरून थेट गरुडझेपपाशी गेली. रांग अजून लागलेली नव्हती. शायमा लाल दांडा फडक्याने पुसत होती.

"ओळखलंत?" स्मिताने विचारले. "काल हिच्याकडे कापलेली टेप होती. ती हिनं कापली नव्हती. टेप माझी आहे. माझ्याच कात्रीनं कापली गेली आणि मला ते माहीत होतं. काल मी इथंच उभी होते आणि काही बोलले नाही."

शायमा गोंधळली. "अहो ताई, त्याचं काय एवढं? रोज तीसचाळीस पोरं परत जातात इथून. आम्ही विसरून पण जातो."

"ही विसरणार नाही ना."

शायमाने फडके खांद्यावर टाकले आणि ती वैदेहीसमोर उकिडवी बसली. "सॉरी हां. मी पण जोरात बोलले काल. माझ्या लक्षातच आलं नाही, की लोक ऐकतायत." मग तिने वैदेहीला पुन्हा दांड्याखाली उभे केले आणि खांबावरचा आकडा वाचून दाखवला. "एकशेसतरा. तीनच राहिलेत. बहुतेक पुढच्या उन्हाळ्यात होतील."

"तेव्हा तुम्ही इथं असाल?"

"असेन की. जाते कुठं? माझं गाव इथंच खाली आहे."

काल हसलेली माणसे त्या दिवशी तिथे नव्हती. तो जाडजूड गृहस्थ आणि ती बाई आपापल्या गावी पोहोचली असतील आणि टेप कापणाऱ्या मुलीची गोष्ट रंगवून सांगत असतील. त्यांच्यापर्यंत खरे कधीच जाणार नाही. मला त्याची लाज आजही वाटते. उशिरा सांगितलेले खरे सर्वांपर्यंत पोहोचत नाही.

पुढे दिवसभर स्मिता आणि वैदेही छोट्या ट्रेनमध्ये बसल्या. चार फेऱ्यांनंतर वैदेही एकदा हसली. मी मोजत होते.

घरी आल्यावर मला वाटले की आता माझी जागा कचऱ्याच्या डब्यात. तसे झाले असते तर मी तक्रार केली नसती. मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तू टाकू नका, अशी विनवणी माझ्यासारख्या वस्तू नेहमी करतात. मी तेवढे मागत नाही. मी एवढेच मागते की तुमच्या घरातील एखाद्या वस्तूत काही उणे असेल, घड्याळ दहा मिनिटे मागे असेल, शिडीची एक पायरी सैल असेल, तर ते एकट्याने ठाऊक ठेवू नका. घरातल्या सर्वांत लहान माणसालाही सांगून ठेवा. नाहीतर ते लहान माणूस एके दिवशी त्या वस्तूवर पूर्ण विश्वास टाकून चारचौघांत उभे राहील.

पुढच्या सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघरातला दिवा लागला. आधण ठेवून झाल्यावर स्मिता यंत्रापाशी आली. तिने जाड पांढऱ्या कापडाची एक पट्टी कापली, आशुतोषच्या शाळेच्या मोजपट्टीवर दोनदा तपासली आणि माझ्या कापलेल्या टोकाला दुहेरी टाक्याने जोडली. काळ्या शाईने तिने त्यावर एका बाजूला शून्य, एक, दोन असे इंच लिहिले आणि दुसऱ्या बाजूला पाचापर्यंत सेंटीमीटर. आकडे माझ्या छापील आकड्यांइतके सुबक नव्हते आणि जोड दुरूनही दिसत होता. तिने तो झाकण्याचा प्रयत्न केला नाही. चहा उतू गेला, तो वास आल्यावरच ती उठली.

नंदकिशोरने आधीच उठून गॅस बंद केला होता. तो दोन कप घेऊन बाहेर आला. एक कप त्याने यंत्रावर ठेवला आणि डबा भरायला वळला.

वैदेही डोळे चोळत आली. तिने मला पाहिले, माझ्या पांढऱ्या टोकावरून बोट फिरवले, आणि कुणी सांगण्याची वाट न पाहता दाराच्या चौकटीला टाच लावून उभी राहिली. स्मिताने गुडघे टेकून माझे नवे टोक जमिनीला लावले.

"किती?"

"एकशेसतरा."

वैदेहीने स्वतः वळून आकडा वाचला. मग तिने पेन्सिल मागितली आणि चौकटीवर, आपल्या डोक्याच्या बरोबर उंचीवर, एक आडवी रेघ ओढली.